जिभांचा मोसम

ओदनी, आधी चाकूला धार लाव.
निसणा खिडकीत आहे.
बोथट पातं जास्त कापतं,
आणि कापतं तेही भलतंच.
पटत नसेल तर माझा डावा हात बघ:
चार बोटं. पाचवं ह्याच टेबलावर गेलं.
म्हणजे, खरं सांगायचं तर टेबलावर नाही,
ते गेलं गप्प बसण्यात.
सांगतो. तू ते डोकं खिळ्यावर नीट बसव.

मार्चात आमच्या लोफोटेनला
शाळा सुटली की पोरं घरी जात नाहीत,
धक्क्यावर येतात.
होडीमागून होडी लागते.
कॉडची धडं शेपटीला शेपूट बांधून
बाहेर मांडवांवर चढतात,
जूनपर्यंत वाऱ्याच्या हवाली.
डोकी येतात तुमच्या वाट्याला.
एक दाब, एक काप, जीभ बादलीत.
किलोमागे पैसे.
तुझ्या आईनं ह्यातून सायकल घेतली होती,
आस्लाकनं ट्रम्पेट, जो तो आता वाजवत नाही.
तू कशासाठी साठवतेस ते मी विचारणार नाही.
फक्त वजन होताना काट्याकडे बघत जा.
इथली माणसं वाईट नाहीत,
पण काटा तुझ्याकडे पाठ करून ठेवलाय,
आणि तो फिरवा म्हणणं
म्हणजे भांडण काढणं नव्हे.

मी चौदाचा होतो. पातं घसरलं.
मोठे हसतील म्हणून वर हातमोजा चढवला,
पाच दिवस काढला नाही, झोपतानासुद्धा.
आईला म्हटलं, गारठलोय.
सहाव्या दिवशी वास आला.
ह्या गोदामात, एवढ्या माशांत,
वेगळा ओळखू आला, म्हणजे बघ.
डॉक्टर म्हणाला, दुखत नव्हतं का रे?
मी म्हटलं, नाही.
बोट गेल्यावरही मी नाहीच म्हटलं.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
पन्नास वर्षं कापतोय, खरंच नसतं.
म्हणून ती वाटेल तिकडे वळते,
आणि 'काही नाही झालं'कडे तर
न वळवताच वळते.

मोठं व्हायची घाई करू नकोस,
असं तुला सगळे सांगत असतील.
मी नाही सांगणार.
मलाही घाई होती, त्यात काही चुकलं नाही.
चुकलं ते एवढंच, की मला वाटायचं
मोठी माणसं ओरडत नाहीत.
ओरडतात, ओदनी.
युरुनचा नवरा चाळिशीत पहिल्यांदा रडला,
इंजिनच्या खोलीत, पंप चालू करून,
कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.
मला ऐकू गेलं. मीही बोललो नाही.
ते मला बोटापेक्षा जास्त सलतं.

पुढल्या वर्षी तू त्रोम्सोला शिकायला जाणार म्हणे.
जा की.
तिथं कुणी विचारलं कुठली,
तर गावाचं नाव पुटपुटू नकोस.
कोटाला वास येत असेल तर येऊ दे,
दोन धुण्यांत जातो. लाज जात नाही दोन धुण्यांत.
नाही करमलं तर परत ये.
करमलं तरी ये कधी, पण ते तुझं तू बघ.
आणि उत्तर येत नसेल तर हात वर कर,
येतं असं दाखवत पाच दिवस काढू नकोस.

बास. बादली भरली तुझी,
आणि मी नुसता बोलतोय.
एक मात्र आता लक्षात आलं.
तुझा निळा खोका कुठाय?
तीन हिवाळे त्याच्यावर उभी राहायचीस,
नाहीतर टेबलाला हात पुरायचा नाही.

अच्छा. तिकडे, दाराजवळ.
सिवर्टचा धाकटा चढलाय त्याच्यावर,
सहा वर्षांचा, टोपी डोळ्यांपर्यंत,
आणि डोकं एकाच जागी तीनदा कापतोय.
त्याच्या पात्याला धार नाही.

मी उठतच होतो.
पण तू खिडकीतला निसणा उचललास
आणि निघालीससुद्धा.